खांब तुटला नव्हता

धुळ्यात असताना सात वर्षं आम्ही भास्कर मिस्तरींच्या डोक्यावर राहिलो. खाली त्यांचं वेल्डिंगचं दुकान, मागच्या बाजूला त्यांचं घर आणि परसू, आणि बाहेरच्या जिन्याने वर गेलं की आमच्या दोन खोल्या. मी तिथल्या एका हायस्कुलात मराठी शिकवायचो. सकाळी खाली ग्राइंडर सुरू झाला की वर मांडणीतल्या ताटल्या थरथरायच्या. माझी बायको म्हणायची, एक दिवस हे घर चालत चालत पांझरा नदीत उतरणार.

मिस्तरी बुटके होते. मनगटं जाड, हातांवर ठिणग्यांचे पांढरे ठिपके, डोळे कायम लाल आणि ओलसर. दिवसभर काम झालं की ते परसात बाजेवर आडवे व्हायचे आणि त्यांची बायको इंदूबाई त्यांच्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या. चकत्या ठेवल्या असताना त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नसे. कामाची त्यांची एक रीत होती. जोड थंड झाला की हातोडीने त्यावर एकच टोला घालायचा आणि कान लावायचा. "बोलला," म्हणायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. नाही बोलला तर गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी कापून पुन्हा.

आणि कोणी केलेला अपमान ते विसरत नसत. हे मी पहिल्याच वर्षी पाहिलं.

सरकारी कचेरीतल्या एका कारकुनाने कसल्याशा उताऱ्यासाठी त्यांना दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी "उद्या या" म्हणून खिडकी लावून घेतली होती. सहा महिन्यांनी तोच कारकून नव्या घराचं फाटक करायला आला. मिस्तरींना ओळखलंसुद्धा नाही त्याने. मिस्तरींनी त्याला चहा पाजला आणि फाटक असं केलं की गल्ली बघायला आली. वेलबुट्टी, कमळं, वर दोन मोर. फक्त वरची बिजागरी त्यांनी केसभर तिरकी बसवली. ते फाटक उघडताना असं किंचाळायचं की चार घरांतली झोपलेली पोरं उठायची. कारकुनाने तेल घातलं, ग्रीस घातलं. मिस्तरी स्वतः दोनदा तेलाची बुधली घेऊन गेले आणि "नवं लोखंड आहे, बसेल हळूहळू" म्हणून आले. मी म्हटलं, "मिस्तरी, चांगल्या कारागिराने असं करावं का?" तर म्हणाले, "सर, चांगल्या कारागिरालाच हे जमतं. कच्च्या माणसाचं फाटक कधी वाजेल, कधी नाही. माझं रोज वाजणार."

बोदवडला त्यांचा मेव्हणा होता. लग्नात मानपानाच्या वेळी त्याने कुणाच्या तरी आधी कुणाला तरी टॉवेल-टोपी दिली होती. तेव्हापासून मिस्तरी त्याच्या घरी प्रत्येक कार्याला जायचे, हसायचे, जेवायचे, पण पाणी घरून फिरकीच्या तांब्यात घेऊन जायचे. मेव्हणा दर वेळी तो तांब्या बघायचा आणि दर वेळी त्याला सगळं आठवायचं. तेवढं मिस्तरींना पुरत असे.

पण या झाल्या किरकोळ गोष्टी. खरी गोष्ट सुधीरभाऊंची.

शिरपूर रस्त्याला एका जिनिंगवाल्यांची मोठी आमराई होती. त्यांचा धाकटा मुलगा सुधीर अमेरिकेत शिकून सत्त्याऐंशीच्या सुमारास परत आला आणि येताना एक खेळ घेऊन आला. प्लास्टिकची चपटी तबकडी लांबून फेकत फेकत न्यायची आणि शेवटी खांबावरच्या टोपलीत टाकायची. टोपलीच्या वर गोल कडं, त्या कड्यातून साखळ्या लोंबत असतात. तबकडी साखळ्यांवर आपटते, जोर मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. लांबचं फेकणं कोणालाही थोडंफार जमतं म्हणे. शेवटची ती दहा-बारा पावलं, तीच अवघड. सुधीरभाऊंना आमराईत असे नऊ खांब हवे होते. हातात एक रंगीत फोटो आणि इंचात मापं लिहिलेला कागद घेऊन ते मिस्तरींच्या दुकानात आले.

मिस्तरींनी त्या कामात जीव ओतला. पहिल्या नमुन्याला त्यांनी झोपाळ्याची साखळी लावली. तबकडी तिच्यावर आपटून उलटी रस्त्यावर गेली आणि एका सायकलवाल्याच्या हँडलला लागली. मग बारीक साखळी आणली, तर तबकडी तिच्यातून आरपार. शेवटी बाहेर बारा साखळ्या आणि आत सहा, जरा ढिल्या, असा मेळ बसला. तपासायला म्हणून सुधीरभाऊंनी एक निळी तबकडी दिली होती, ती परत मागायची त्यांना आठवण राहिली नाही. नमुन्याचं कडं किंचित लांबट झालं होतं, म्हणून तो खांब मिस्तरींनी परसात ठेवून दिला आणि नऊ नवे केले. प्रत्येकाच्या प्रत्येक जोडाला कान लावून.

खांब त्यांनी पोचवले. जमिनीत पुरायचं काम मात्र सुधीरभाऊंनी आपल्या सालदारांकडून, म्हणजे शेतावरच्या वर्षाच्या गड्यांकडून, करून घेतलं. मिस्तरींनी सांगितलं होतं, दोन फूट खड्डा आणि सिमेंट. सिमेंट आलं नव्हतं आणि पहिल्या खेळाचा रविवार तोंडावर आला होता. माती दाबून खांब उभे केले.

त्या रविवारी शिरपूर-धुळ्याचे डॉक्टर, वकील, अधिकारी, जिनिंगवाले असे साठ-सत्तर पाहुणे आले. मिस्तरींनाही बोलावलं होतं, काही लागलं-सवरलं तर असावेत म्हणून. ते नवा सदरा घालून गेले. इंदूबाई हौसेने बरोबर गेल्या, नवऱ्याचं काम लोक कसं बघतात ते बघायला. चौथ्या खांबाजवळ एका वकिलांनी गप्पा मारता मारता टोपलीवर रेलून भार टाकला आणि खांब मुळासकट आडवा झाला. वकिलांच्या पायाच्या अंगठ्याचं हाड मोडलं.

सुधीरभाऊ धावत आले. खाली मातीचा खड्डा दिसत होता, खांब अखंड पडला होता, पण ते तिकडे न बघता सगळ्यांसमोर मिस्तरींना म्हणाले, "हे तुझं काम? कच्ची वेल्डिंग! माणूस मेला असता."

मिस्तरी चिडले की अहिराणीत जात. म्हणाले, "खांब तुटना नही, उपटायना. दखा ना."

"वर तोंड करून बोलू नकोस. पाया पड साहेबांच्या."

साठ-सत्तर माणसं बघत होती. इंदूबाई बघत होत्या. मिस्तरींनी वाकून वकिलांच्या न मोडलेल्या पायाला हात लावला.

आठवडाभरात ते शब्द धुळ्यात पोचले. मिस्तरी दुकानात बसून राहू लागले. एका दवाखान्याच्या खिडक्यांचं काम गेलं, जिन्याच्या कठड्याचं गेलं. आमच्या शाळेचं फाटक त्यांनाच द्यायचं ठरत आलं होतं. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं आणि विचारलं, "तुम्ही त्यांच्याच घरात राहता ना? वेल्डिंग कच्ची असते म्हणतात."

मी म्हणालो, "मला त्यातलं काही कळत नाही."

खरं म्हणजे सात नाही तरी तोवर तीन वर्षं मी तो कान लावणं रोज बघत होतो. फाटक दुसऱ्याकडे गेलं. मी काय म्हणालो ते मिस्तरींना कुठून कळलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला 'सर' म्हणणं बंद केलं. 'भाडेकरू' म्हणू लागले. "भाडेकरूंचं पत्र आलंय." "भाडेकरूंनी नळ सोडलेला दिसतोय." माझ्या बायकोशी मात्र त्यांचं वैर नव्हतं. मी शेजारी उभा असलो तरी तिच्याकडे बघून ते सगळं सांगत. पुढचं बरंच काही मला असंच, तिच्या कानांनी, कळलेलं आहे.

परसातला नमुन्याचा खांब त्यांनी स्वतः खड्डा खणून, सिमेंट ओतून उभा केला आणि रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती निळी तबकडी घेऊन त्याच्यासमोर उभे राहू लागले. वर चहा पिताना आम्हाला ऐकू यायचं. लागली तर साखळ्यांचा छन्न आवाज, नाही लागली तर मागच्या पत्र्यावर थड्. पहिले दोन महिने नुसतंच थड्.

"ताई, मी सगळी टोपली बघत होतो, तिथं चूक होती," एकदा ते खालून माझ्या बायकोला म्हणाले. "आर्क मारताना मी काय सगळं फाटक बघतो? जिथं लोखंड वितळतं तेवढाच ठिपका बघतो." त्यांनी मधल्या साखळीची वरून पाचवी कडी निवडली आणि तिला लाल प्राइमरचा एक ठिपका दिला. उजवा पाय पुढे, डाव्या पायाची टाच जरा उचललेली, तबकडी पोटाजवळ. मग ते त्या कडीकडे बघायचे. किती वेळ बघायचे! तबकडी सुटल्यावरही हात खाली येत नसे, बोटं त्या कडीकडे रोखलेली राहत. हळूहळू छन्न वाढले. एकदा पाहिलं तर ते रॉकेलच्या बोळ्याने कडीवरचा रंग पुसत होते. बायकोने विचारलं, "का हो?"

"सुधीरभाऊच्या कडीला लाल ठिपका नसणार, ताई. आता नजरेनंच लाल करायची."

रोजचा नेम असा की लागोपाठ दहा गेल्याशिवाय दुकानाचं शटर वर करायचं नाही. नववी चुकली तर पुन्हा एकपासून. आणि चुकायची ती बहुधा वरून जायची. त्याचं कारणही त्यांनी शोधलं. "त्याचं तोंड आठवलं की राग हातात उतरतो आणि तबकडी उडते. म्हणून आता फेकताना राग बाहेर ओट्यावर बसवतो. दहा झाल्या की जाताना घेऊन जातो." हे सांगताना ते अजिबात हसत नव्हते.

वाऱ्यासाठी त्यांनी भट्टीचा ब्लोअर आणून बाजूला लावला. कधी डावीकडून, कधी समोरून. मग त्यांनी इंदूबाईंना मागे उभं केलं आणि सांगितलं, "मी फेकताना ओरड. तो बोलला तेच."

इंदूबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. दोन-तीन दिवस त्या पुटपुटल्या. त्यांनाही तो दिवस आठवत असणार, तो नवा सदरा, ते वाकणं. एके दिवशी मात्र त्यांचा आवाज असा फुटला की मी हातातला कप ठेवून गॅलरीत आलो. "कच्ची वेल्डिंग!" छन्न. "कच्ची वेल्डिंग!" छन्न. इंदूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ओरडत होत्या. मिस्तरींची पाठ हललीसुद्धा नाही.

हे दोन वर्षं चाललं.

सुधीरभाऊ दर हिवाळ्यात आमराईत स्पर्धा ठेवायचे. जेवणानंतर गंमत म्हणून माइकवरून आव्हान देत: कोणीही यावं, टोपलीत टाकण्यात मला हरवावं. पाच पावलांपासून सुरुवात, दोघांच्या गेल्या की एक पाऊल मागे. तोवर त्यांना कोणी हरवलेलं नव्हतं. त्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी मिस्तरी माझ्या बायकोला म्हणाले, "भाडेकरूंना सांगा ताई, उद्या शिरपूरला यायचं. चार शिकलेली माणसं आपलीही असावीत."

इंदूबाईंसह आम्ही एस.टी.ने गेलो. जेवणं झाली, माइक वाजला, सुधीरभाऊंनी आव्हान दिलं आणि सालदार उभे होते त्या बाजूने मिस्तरी पुढे आले. पांढरा शर्ट, काखेत निळी तबकडी.

"अरे, मिस्तरी! तू खेळतोस?" सुधीरभाऊ हसले. लोकही हसले.

"खेळतो. पण आधी एक ठरवू. मी जिंकलो तर तुम्ही या माइकवर सांगायचं की चौथा खांब तुटला नव्हता, उपटला होता."

सुधीरभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. "आणि हरलास तर?"

"धुळ्याचं दुकान बंद करीन. पुन्हा लोखंडाला हात लावणार नाही."

माझ्या शेजारी इंदूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. हे त्यांना सांगितलेलं नव्हतं.

"ठरलं," सुधीरभाऊ म्हणाले.

सहा, सात, आठ पावलं दोघेही सहज मागे गेले. सुधीरभाऊंची फेक देखणी होती, तबकडी तरंगत जायची. मिस्तरींची तशी नव्हती. आडवी, सरळ, एखादी वस्तू फडताळात ठेवावी तशी. दहाव्या पावलाला हसणं थांबलं. अकराव्याला वारा सुटला आणि आंब्याची पानं गळू लागली. बाराव्याला मिस्तरी फेकणार इतक्यात पाहुण्यांतला एक जण मागून ओरडला, "सांभाळ रे, कच्ची वेल्डिंग!"

लोक हसले. मी इंदूबाईंकडे पाहिलं. त्या अगदी शांत होत्या. छन्न आवाज झाला आणि तबकडी टोपलीत पडली.

सुधीरभाऊ बाराव्यावरून चुकले. त्यांची तबकडी कड्याला लागून बाहेर गेली. त्यांनी एकदा आभाळाकडे, एकदा हलत्या पानांकडे पाहिलं. मग टाळ्या वाजवत म्हणाले, "शाब्बास! चला मंडळी, चहा घ्या."

मिस्तरी माइकजवळ जाऊन उभे राहिले. सुधीरभाऊ चहाकडे वळले, तेवढ्यात ते अंगठा मोडलेले वकील खुर्चीतून म्हणाले, "सुधीर, शब्द दिलायस. अंगठा माझा होता, मलाही ऐकायचंय."

सुधीरभाऊ माइकपाशी आले आणि इंग्रजीत भराभर एक वाक्य बोलले.

"मराठीत," मिस्तरी म्हणाले.

"चौथा खांब... बसवण्यात थोडी त्रुटी राहिली होती."

"असं नाही. मी त्या दिवशी बोललो होतो तसं. हे सालदार उभे आहेत, यांच्यासकट बठ्ठासले समजाले पाहिजे."

सुधीरभाऊंचा चेहरा लाल झाला होता. त्यांच्या आईची बोलीही तीच, पण अमेरिकेतून आल्यापासून ती त्यांच्या तोंडून कोणी ऐकली नसेल. ते खाली बघत म्हणाले, "खांब तुटना नही. उपटायना."

"आवाज गया नही तठलोंग," मिस्तरींनी सालदारांकडे बोट केलं.

सुधीरभाऊंनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. ज्यांनी माती दाबून तो खांब पुरला होता, त्या सालदारांत हशा पिकला. मिस्तरी हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, जोडाला कान लावताना मिटायचे तसे.

येताना एस.टी.त इंदूबाई त्यांच्या शेजारी बसल्या नाहीत. नरडाण्याच्या पुढे आल्यावर मागच्या बाकावरून म्हणाल्या, "दुकान तुमचं एकट्याचं होतं?" मिस्तरींनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. "मी दोन वर्षं घसा फोडून ओरडले. मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. विचारलं का नाही?" त्यानंतर महिनाभर त्या घरात फक्त भांडी बोलत होती. सगळ्या जगाचे हिशेब चुकते करणारा हा माणूस बायकोसमोर तबकडीसारखाच मुका. महिन्यानंतर एक दिवस दुकानावरची पाटी उतरली आणि नवी चढली: इंदू वेल्डिंग वर्क्स. ही अट कोणाची होती ते विचारायची गरज नव्हती.

काम परत आलं. सुधीरभाऊसुद्धा आले, जीप घेऊन. आणखी नऊ खांब हवे होते, बाहेरगावचे लोक यायला लागले होते. मिस्तरींनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "होईल." पुढल्या महिन्यात, "होईल." माझ्या मोजणीत ते सात वेळा आले. दर वेळी खुर्ची, दर वेळी चहा. आठव्यांदा आले नाहीत. मिस्तरींना त्याचं थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

आणि मी राहिलो होतोच. शाळेला प्रयोगशाळेच्या खिडक्यांना जाळ्या हव्या होत्या, आणि मुख्याध्यापकांनी निरोप घेऊन मलाच पाठवलं. मी दोन वाजता खाली उतरून दुकानात उभा राहिलो. मिस्तरी एका पाळण्याचा जोड घासत होते. तीन वाजले, चार वाजले. मी तसाच उभा. माझी बायको गॅलरीतून एकदा डोकावली आणि आत गेली. सहा वाजता त्यांनी हात धुतले, स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "बसा, सर. जाळी किती बाय किती?"

पुढे माझी बदली जळगावला झाली. पत्रव्यवहार करणाऱ्यांतले ते नव्हते. चार-पाच वर्षांनी, पंच्याण्णव-शहाण्णवच्या आसपास, मी चष्म्याचा नंबर बघायला जळगावातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो, तर बाकावर ते बसलेले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्याने नुसता धूर दिसतो म्हणाले. आवाजावरून मला लगेच ओळखलं. इंदूबाई औषधं पिशवीत भरत होत्या. आम्ही घराचं, दुकानाचं बोललो.

समोर कागद तपासणारा एक माणूस टेबलामागे बसला होता. एका म्हाताऱ्या बाईने त्याला दुसऱ्यांदा काही विचारलं, तर तो ओरडला, "एकदा सांगितलं ना! कान पण तपासून घे." आणि तिची चिठ्ठी त्याने टेबलावरून अशी ढकलली की ती खाली पडली. बाई वाकून चाचपडत शोधू लागली. इंदूबाईंनी जाऊन तिला ती उचलून दिली.

मिस्तरींनी तिकडे कान लावला. मग मला हळूच म्हणाले, "सर, त्याच्या टेबलावर नावाची पट्टी आहे का?"

"आहे."

"वाचा."

मी नाव वाचलं.

"आडनाव?"

मी आडनाव वाचलं. त्यांचे ओठ दोनदा हलले.

"चला आता," इंदूबाईंनी त्यांचा दंड धरला.

"थांब जरा." ते उभे राहिले, आवाज जिकडून येत होता तिकडे त्यांनी हळूहळू तोंड फिरवलं, हिरवी पट्टी बरोबर त्या माणसासमोर येईपर्यंत फिरवलं, आणि तसंच धरून ठेवलं. तो माणूस मान खाली घालून पुढचा कागद बघत होता.